डिग्री नाही, हातात काम आहे: नवरा-बायकोने जर्मनीला निघायचं तर फाईल कोणाची पुढे?

आमच्या दोघांकडेही डिग्री नाही हे आधीच सांगून टाकते. माझं बारावीनंतर जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, नवऱ्याचा दहावीनंतर आयटीआय फिटर आणि मग कुपवाड एमआयडीसीत नऊ वर्षं सीएनसी मशीनवर. आता आम्ही जर्मनीत हाइलब्रॉनजवळ राहतो, दोघंही कामाला आहोत, आणि गावाकडून दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा फोन येतो की अगं आमचं पण काही होईल का, डिग्री नाही म्हणून सगळे नाही म्हणतात. होतं. पण बहुतेक जोडपी पहिल्याच पायरीला चुकतात, आम्हीपण चुकलो होतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

ती चूक म्हणजे नवऱ्याची फाईल आधी लावायची आणि बायको "नंतर येईल". आमच्या घरात यावर चर्चा सुद्धा झाली नव्हती, आपोआप ठरलं होतं. आठ महिने आणि बरेच पैसे त्याच्या फाईलवर घालवल्यावर एका रात्री मी दोघांची सर्टिफिकिटं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि म्हणलं, पगार बाजूला ठेव, कोण मोठं कोण लहान ते बाजूला ठेव, जर्मन माणूस या दोन कागदांपैकी कुठला उचलेल ते सांग. उत्तर समोरच होतं. सासूबाईंना पटायला अजून दोन महिने लागले, बाईमाणूस एकटी पुढं जाणार म्हणजे काय वगैरे, ते सोडा.

तर कागद कसा तोलायचा. जर्मनीला डिग्रीचं वेड नाही, त्यांच्याकडे निम्मा देश आउसबिल्डुंग म्हणजे काम करत शिकून पुढे आलेला आहे, पण ते विचारतात की तुमचं शिक्षण सरकारमान्य आहे का आणि किती वर्षांचं आहे. बिगर-डिग्रीवाल्यांचे बरेचसे रस्ते किमान दोन वर्षांच्या कोर्सवर उभे आहेत. आता आयटीआयमध्ये बघा, फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड, आणि वेल्डर एक वर्षाचा. म्हणजे पंधरा वर्षं उत्तम वेल्डिंग करणारा माणूस कागदावर अडतो आणि कालचा पोरगा फिटर म्हणून पुढे सरकतो. अन्याय आहे, पण नियम तसा आहे. शिवणकाम आणि कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर, हे आयटीआय कोर्सही एक वर्षाचेच. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, तो भारी. जीएनएम तर सगळ्यात भारी, कारण नर्स तिकडे कमी आहेत आणि हॉस्पिटलं स्वतः शोधत फिरतात. आयटीवाल्यांना वेगळी सूट आहे, अनुभव दाखवला तर सर्टिफिकीट नसलं तरी चालतं, पण त्यांना माझ्यासारखीच्या सल्ल्याची गरज नसते.

आता दोघांपैकी एकजण नर्स असेल तर माझ्या मते विचार करायचं कारणच नाही, तिची किंवा त्याची फाईल पुढे. हा रस्ता मी स्वतः चाललेय म्हणून जरा सविस्तर सांगते.

नर्सिंग हा तिकडे परवाना लागणारा पेशा आहे, म्हणजे आनएर्केनुंग, मान्यता, मिळाल्याशिवाय तुम्ही पूर्ण नर्स म्हणून काम करूच शकत नाही. अर्ज ज्या राज्यात नोकरी करणार त्या राज्याच्या ऑफिसकडे जातो, आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ते श्टुटगार्टला आहे. ते तुमच्या कोर्सचे विषयवार तास बघतात, थिअरी किती आणि वॉर्डमध्ये प्रॅक्टिकल किती, म्हणून नुसती मार्कशीट चालत नाही, तासांचं ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून घ्यावं लागतं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू असावं लागतं. मग एक पत्र येतं, डेफिझिटबेशाइड, म्हणजे काय कमी पडलं त्याची यादी. घाबरू नका, हे जवळजवळ सगळ्यांना येतं. माझ्या यादीत म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचे तास कमी होते, आपल्याकडे तो विषय म्हणून कोणी शिकवतच नाही, घरोघरी सुना शिकतात. ती कमतरता भरायला दोन पर्याय, एक तर काही महिन्यांचा कोर्स, नाहीतर केन्टनिसप्र्युफुंग म्हणजे तोंडी आणि प्रॅक्टिकल परीक्षा, जी नापास झालात तर एकदाच परत देता येते. मी परीक्षा निवडली. तोवर पेशंटला उठवणं, आंघोळ, जेवण भरवणं अशा मदतनिसाच्या कामावर ठेवतात. चार वर्षं आयसीयूला काढून इथे आल्यावर पहिले काही महिने बेडपॅन धरताना मनाला लागतं, खोटं कशाला बोलू. पण पगार चालू असतो. पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी किमान वेतन वेगळं ठरलेलं आहे, १ जुलै २०२५ पासून मदतनिसाला तासाला १६.१० युरो आणि पूर्ण नर्सला २०.५० युरो. आठवड्याला ३९ तास धरले तर नर्सचे महिन्याला साधारण साडेतीन हजारांच्या जवळ होतात, टॅक्स आणि विमा कापून हातात सव्वादोन हजारांच्या आसपास. मोठ्या हॉस्पिटलात जास्त मिळतात.

भाषा. जर्मनच्या पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. व्हिसाला बहुतेक ठिकाणी बी१ मागतात आणि पूर्ण मान्यतेला बी२. बी२ म्हणजे खेळ नाही, ड्युटी सांभाळून मला सव्वा वर्ष लागलं. गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या बी१ आणि बी२ परीक्षेचे चार भाग असतात, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, आणि ते सुटे सुटे देता येतात, प्रत्येकात ६० टक्के लागतात. म्हणजे ऐकण्यात गेलात तर फक्त ऐकणं परत द्या, सगळी फी परत भरू नका. हे मला क्लासवाल्यांनी सांगितलं नव्हतं. ऑनलाईन क्लास चालेल, परीक्षा मात्र मान्यताप्राप्त हवी, पुण्यात आणि मुंबईत गोएथेचंच मॅक्समुल्लर भवन आहे, तारीख मिळवायला फार आधी बसावं लागतं.

एजंटचं काय? आमच्याकडे एका एजन्सीने अडीच लाख मागितले, वर मूळ सर्टिफिकिटं "सेफ कस्टडीत" ठेवायला सांगितली. मूळ कागद कोणालाही देऊ नका, कोणालाही म्हणजे कोणालाही. नर्सच्या बाबतीत तर पैसे मालकाने भरायचे ही तिकडची रीत आहे, जर्मन सरकारचा एक शिक्का पण आहे, फेअर रिक्रूटमेंटचा, तो असलेल्या एजन्सीला नर्सकडून पैसे घेता येत नाहीत. केरळवाले कधीचे या रस्त्याने जातात, त्यांचं सरकारी नोर्का आणि जर्मन सरकारचं ट्रिपल विन मिळून फुकट नेतात, आपल्या पोरी मात्र अडीच लाख भरतात. आपल्या राज्य सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केलाय, तेव्हापासून गल्लीबोळात "सरकारी जर्मनी योजना" असे फ्लेक्स लागलेत, तर कोणी त्या नावावर पैसे मागितले की आधी जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा. आणि भारतात परदेशी नोकरी लावून देणारा एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला असावाच लागतो, त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. हे वाक्य एजंटसमोर नुसतं म्हणून बघा, चहा सुद्धा लवकर संपवतो.

आणि हो, करारात बॉण्ड बघा. अमुक वर्षं नोकरी सोडली तर भाषेच्या कोर्सचे पैसे परत, असं कलम असतं, रक्कम आणि मुदत वाचल्याशिवाय सही करू नका. मी वाचलं नव्हतं.

आता दोघांपैकी कोणीच नर्स नसेल, पण एकाकडे दोन वर्षांचा आयटीआय किंवा डिप्लोमा आहे, तर तीन-चार रस्ते आहेत.

पहिला, मान्यता काढायची. फिटर, मशिनिस्ट अशा कारखान्यातल्या ट्रेडची फाईल न्यूर्नबर्गच्या आयएचके फोसा नावाच्या ऑफिसकडे जाते, फी १०० ते ६०० युरोच्या दरम्यान. ते तुमचा कोर्स त्यांच्या तीन-साडेतीन वर्षांच्या आउसबिल्डुंगशी लावून बघतात, त्यामुळे आयटीआयवाल्यांना बऱ्याचदा "अर्धी मान्यता" येते. अर्धी पण कामाची असते, पुढे सांगते. इथे महत्त्वाचं काय, तर ते कामाचा अनुभव धरून कमतरता भरून काढतात, आणि आपल्याकडचं अनुभवपत्र म्हणजे काय असतं हे तुम्हाला माहितीय. नवऱ्याच्या कंपनीने दिलेलं पत्र दोन ओळींचं होतं, "सदर इसम आमचेकडे ऑपरेटर म्हणून कार्यरत असून त्यांची वर्तणूक चांगली आहे." वर्तणूक! नऊ वर्षांत त्याने काय केलं त्याचा एक शब्द नाही. मग आम्ही दोघांनी बसून दुसरं लिहिलं, मी विचारायची आणि तो सांगायचा, तू सकाळी गेल्यावर पहिलं काय करतोस, ड्रॉइंग कोण वाचतं, टूल ऑफसेट कोण टाकतं, फानुकचा प्रोग्राम तू लिहितोस की नुसता चालवतोस, मायक्रोमीटरने किती पर्यंत मोजतोस, तर म्हणाला एक शतांश मिलिमीटर, मी म्हणलं मग हे सांगायचं नाही का माणसाने. दोन पानं झाली. कुठलं मशीन, कुठलं मटेरियल, किती वर्षं, काय बिघाड स्वतः काढला, सगळं. ते दोन पानी पत्र लेटरहेडवर सही-शिक्का करून घ्यायला सुपरवायझरला तीनदा चहा पाजला. पण फाईलमधला सगळ्यात जड कागद तोच निघाला.

दुसरा रस्ता, मान्यता-भागीदारी. हा मार्च २०२४ पासून आलाय. दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, ए२ जर्मन आणि हातात नोकरीची ऑफर असेल तर आधी जायचं, कामाला लागायचं आणि मान्यता तिथे बसून काढायची. मालकाने त्यात साथ द्यायचं कबूल करायचं. तिथे राहण्याचा परवाना वर्षाचा, वाढवत तीन वर्षांपर्यंत. मला हा सगळ्यात माणुसकीचा वाटतो, फक्त ऑफर मिळवणं कठीण.

तिसरा, नुसत्या अनुभवावर. दोन वर्षांचं शिक्षण आणि गेल्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा अनुभव असेल तर मान्यतेची भानगडच नाही, पण पगाराची अट आहे, २०२५ साठी वर्षाला ४३,४७० युरो आणि २०२६ साठी ४५,६३०. कंपनी युनियनच्या वेतनकराराने बांधलेली असेल तर या आकड्यात सूट मिळते. वय ४५ च्या पुढे असेल तर पगाराची अट अजून वर जाते किंवा म्हातारपणाची सोय दाखवावी लागते, म्हणून पोरांची दहावी होऊ दे मग बघू असं म्हणत बसू नका.

चौथा, ज्याची सगळीकडे जाहिरात चालू आहे ते चान्सनकार्ट, जून २०२४ पासूनचं. ऑफर नसताना वर्षभर जाऊन नोकरी शोधायची, आठवड्याला २० तास काम करता येतं. सहा पॉइंट लागतात. हिशेब असा, वय ३५ च्या आत असेल तर २, गेल्या सात वर्षांत पाच वर्षं अनुभव असेल तर ३, जर्मन ए२ असेल तर १, झाले सहा. अर्धी मान्यता हातात असेल तर तिचेच एकदम ४ मिळतात, म्हणून मघाशी म्हणलं अर्धी पण कामाची. नवरा-बायको दोघंही अटीत बसत असतील तर जोडीदाराचा १ पॉइंट पण आहे. हे ऐकायला गोड आहे, पण दोघांसाठी खर्च बघा. खात्यात महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे वर्षाचे १३,०९२ युरो अडकवून दाखवावे लागतात आणि या कार्डावर जोडीदाराला फॅमिली व्हिसाने आणता येत नाही, दोघांची दोन वेगळी कार्डं, म्हणजे २६,१८४ युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी २६ लाख. शेत विकून हे करू नका, स्पष्ट सांगते. वर्षभरात नोकरी लागेलच असं नाही, आणि ए२ जर्मनवर कारखान्यातला मुलाखत घेणारा इथल्या श्वाबेन बोलीत सुरू झाला की भल्याभल्यांची दांडी उडते. एकाने कार्ड काढायचं आणि दुसऱ्याने गावाकडची नोकरी चालू ठेवायची, असं केलं तर ठीक.

आणि ज्या दोघांकडेही एक-एक वर्षाचाच कोर्स आहे त्यांनी आउसबिल्डुंग बघा, बी१ जर्मन लागतं, शिकताना विद्यावेतन मिळतं, बहुतेक तीन वर्षं. तिशीतल्या माणसाला अठरा वर्षांच्या पोरांबरोबर वर्गात बसायची लाज वाटत नसेल तर वयाची कायद्याने आडकाठी नाही. हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्यांसाठी भारतीय जेवणाच्या खास कुकचा व्हिसा पण असतो, चार वर्षांपर्यंतचा, पण तो त्या हॉटेलला बांधलेला असतो आणि मालक आपलाच देशी असला की राबवून घेतो असे बरेच किस्से ऐकलेत.

आता जो मागे राहतो त्याच्याबद्दल, कारण जोडप्याचा सगळा खेळ इथे आहे. पुढे गेलेल्याला परवाना मिळाला की दुसरा फॅमिली व्हिसावर येतो, आणि त्या व्हिसावर आलेल्याला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम कितीही तास करता येतं. पगाराची अट नाही, दोन वर्षांच्या कोर्सची अट नाही, पॉइंट नाहीत. म्हणजे तो वेल्डर आठवतो ना, पंधरा वर्षांचा अनुभव असलेला, जो कागदावर अडला होता? त्याची बायको नर्स असेल तर तो तिच्यामागून येऊन वेल्डिंगच करेल, चाचणी तुकडा वेल्ड करून दाखवला की कंपनीला पुरतं. शिवणकामवाली, पार्लरवाली, कोणीही. म्हणून म्हणते की दोघांनी दोन फाईली पळवू नका, एक जड फाईल पळवा आणि दुसऱ्याने भाषेला बसा.

मागे राहिलेल्याने ए१ करून ठेवाच. काही प्रकारच्या परवान्यांवर जोडीदाराला ए१ माफ असतं, पण माफीच्या भरवशावर राहू नका, माझा परवाना सुरुवातीला मान्यता काढण्यापुरता होता, त्याला माफी नव्हती. नवऱ्याने डेर-डी-दास ची, म्हणजे जर्मन शब्दांच्या लिंगांची, यादी मशीनच्या पत्र्यावर मॅग्नेटने लावली होती, कुलंटचे शिंतोडे उडून निम्मे शब्द पुसले गेले, तरी दोन महिन्यांनी ए१ मध्ये ८१ मार्क आणले.

फॅमिली व्हिसाच्या वेळी पगार बघतात, काही परवान्यांवर घरही बघतात. मी हॉस्पिटलच्या होस्टेलच्या एका खोलीत राहत होते, ती दोघांना चालत नाही, म्हणून पूर्ण नर्सचा पगार सुरू झाल्यावर घर शोधलं आणि मग अर्ज केला. आम्ही चौदा महिने वेगळे राहिलो. एवढी मनाची तयारी ठेवा. मूल लहान असेल तर आजी कोण, किती दिवस, हे निघायच्या आधी घरात उघड बोलून घ्या.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो माहितीय? बायकांच्या नावात. जीएनएमचं सर्टिफिकीट माहेरच्या आडनावाने, मधलं नाव वडिलांचं, पासपोर्ट सासरच्या नावाने, मधलं नाव नवऱ्याचं, आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग. आपल्याला कळतं की ही एकच बाई आहे, श्टुटगार्टच्या साहेबाला तीन दिसतात. त्यावर लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि नावाचं अ‍ॅफिडेव्हिट लागतं. पत्रिका आणि फोटो म्हणजे नोंदणी नव्हे, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत रीतसर नोंद करून घ्या. ज्यांचं लग्न अजून व्हायचंय आणि जर्मनी डोक्यात आहे त्यांनी माहेरचंच नाव ठेवावं असा माझा आगाऊ सल्ला. मराठी कागदांचं भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच करा, झेरॉक्सच्या दुकानातलं चालत नाही.

व्हिसाचा अर्ज आता ऑनलाईन पोर्टलवर भरायचा, मग मूळ कागद घेऊन व्हीएफएस या व्हिसा सेंटरला जायचं, महाराष्ट्र आणि गोव्याचं काम मुंबईच्या कॉन्सुलेटकडे आहे, फी ७५ युरो. घाई असेल तर मालक तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून फास्ट ट्रॅक करू शकतो, ऑफर मिळाली की हे मालकाला विचारायला लाजू नका. नकार आला तर फुकटात फेरविचाराचा अर्ज करायची जी सोय होती ती जुलै २०२५ पासून बंद झालीय, आता नवा अर्ज नाहीतर कोर्ट. त्यामुळे एक कागद कमी असताना "बघू, मागितला तर देऊ" असं करून जाऊ नका.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, आनमेल्डुंग, त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो आणि त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. तिथे धर्म विचारतात, तो चर्चच्या टॅक्ससाठी, आपल्याला लागू नाही. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असतं आणि घरात कधीकधी किचनच नसतं, म्हणजे ओटा, सिंक काही नाही, नुसत्या भिंती आणि नळाचे पाईप, आमच्या पहिल्या घरात बेसिनमध्ये तांदूळ धुतलेत मी. भारतातलं लायसन सहाच महिने चालतं, मग थिअरी आणि ड्रायव्हिंग दोन्ही परीक्षा नव्याने. नवरा पंधरा वर्षं एसटी स्टँडसमोर गाडी काढणारा माणूस, इथे पहिल्यांदा नापास झाला, खांद्यावरून मागे बघितलं नाही म्हणून.

दोघंही कामाला लागलात की टॅक्सचा वर्ग ठरवा. लग्न झालेल्यांना दोघांना चौथा वर्ग आपोआप लागतो, पण एकाचा पगार बराच जास्त असेल तर त्याला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा असं करता येतं, महिन्याला हातात जरा जास्त येतात, वर्षाखेरी रिटर्न मात्र भरावंच लागतं. आमच्यात तिसरा वर्ग माझ्याकडे आहे. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर म्हणाल्या, म्हणजे घरातला कर्ता तू का? मी म्हणलं, टॅक्सपुरती.